चोवीस पट्ट्यांचा दिवा

विजयश्रीच्या हातून आजवर मोठमोठी झुंबरं निघाली होती, पण त्यातलं एकही तिचं नव्हतं.

बाई मूळची परंड्याकडची. लग्न होऊन थेरगावात आली आणि वर्षभरात चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायला लागली. नऊ वर्षं ती लाल, पिवळ्या, काळ्या वायरी फळीवरच्या खुंट्यांमधून फिरवत राहिली. नवरा नवनाथ तेव्हा भोसरीत वेल्डर होता. पुढं दोघांनी हिय्या करून तळवड्यात पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि हॉटेलं, शोरूम, आयटी कंपन्या यांच्या हॉलमध्ये टांगायचे मोठाले दिवे बनवायला सुरुवात केली. दहा फुटी कडी, वीस फुटी लाट, जिन्याच्या पोकळीतून तीन मजले खाली उतरणारी काचेच्या नळ्यांची माळ, असं काय काय. ड्रॉइंग आर्किटेक्टचं यायचं. लोखंड वाकवणं, जोडणं, घासणं नवनाथ करायचा. आतला जीव, म्हणजे वायरिंग, विजयश्री भरायची. शेडमध्ये कुणी आलं की नवनाथशी बोलायचं आणि जाताना तिच्याकडं बघून म्हणायचं, "वायरिंग वहिनी बघतात वाटतं."

"हो, बघते," ती म्हणायची. एवढंच.

चिंचवडचे आर्किटेक्ट हरिहर केतकर त्यांना बरीच कामं द्यायचे. माणूस सरळ, बोलणं मोजकं. एकदा ते पुनावळ्याच्या कामाचं बोलायला शेडवर आले असताना त्यांची नजर विजयश्रीच्या टेबलावर गेली. तिथं पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, धाग्यानं ओवून केलेली एक लहानशी कमान लटकत होती. वर तिनं मोबाइलचा टॉर्च टेकवून ठेवला होता आणि खालच्या पांढऱ्या कागदावर उजेडाचे आणि सावलीचे लांबच लांब पट्टे पडले होते.

"हे कुणी केलं?"

"मंडळींनी," नवनाथ हसत म्हणाला. "काम नसलं की असलं काहीतरी चालतं तिचं."

विजयश्रीला ते लागलं. ती म्हणाली, "काम नसलं की नाही सर. मुद्दाम केलंय. माझ्या मामाचा बार्शीकडं पानमळा होता. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत शिरलं की असे पट्टे पडायचे अंगावर. गारगार वाटायचं. ते बरेच दिवस डोक्यात होतं."

हरिहर सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच टॉर्च जरा हलवला. पट्टे कागदावरून सरकले. "पुनावळ्याच्या हॉलसाठी हेच करू या," ते म्हणाले. "मी ड्रॉइंग देणार नाही. ते तुम्ही द्या, वहिनी."

ते गेल्यावर नवनाथनं ग्राइंडर हातात घेतला. मग म्हणाला, "टाइमपास म्हणायला नको होतं मी."

"टाइमपास नाही म्हणला तुम्ही."

"तसंच म्हणलो." आणि त्यानं ग्राइंडर सुरू केला.

पुनावळ्यात हायवेपासून आत 'निवांत' नावाचं घर उभं राहत होतं. विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पद्मजाताई नावाच्या बाईंनी पंचवीस वर्षं नर्सिंग करून निवृत्त झाल्यावर ते काढलं होतं. इमारतीच्या मधोमध मोठा हॉल, चारी बाजूंनी ऑफिस, स्वयंपाकघर असल्या खोल्या, आणि राहायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. एका टोकाला खोल्यांचा जिना आणि लिफ्ट, दुसऱ्या टोकाला जेवणाची टेबलं. सगळ्यांनी दिवसातून तीनदा हा हॉल ओलांडून जेवायला यावं, तेवढंच चालणं होईल, येता-जाता माणसं भेटतील, असा पद्मजाताईंचा विचार. पण हॉल मध्यावर असल्यामुळं बाहेरचा उजेड तिथं पोचत नव्हता. म्हणून दिवा मोठा हवा होता, आणि तो दिवसभर जळणार होता.

विजयश्रीनं ड्रॉइंग काढलं. आयुष्यातलं पहिलं. सोळा फूट लांब, पाच फूट रुंद, उलट्या होडीसारखी कमान. चोवीस पट्ट्या, सगळ्या लांबीला समांतर, पितळी रंगाच्या. वर दोन फुटांवर एकाच सरळ ओळीत बोटाच्या पेराएवढे चाळीस दिवे. वजन एकशे ऐंशी किलोच्या घरात, म्हणून छताला सहा ठिकाणी बारीक पोलादी दोर.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. नवनाथ म्हणाला, "दिव्यांच्या खाली दुधी ॲक्रिलिक टाक. एवढे उघडे दिवे बोचतात."

"दुधी टाकलं की उजेड पसरतो. पट्टे मरतात."

"मरू दे की. दिवा उजेडाला असतो."

"दुधी टाकायचं तर मग पट्ट्या कशाला? चार ट्यूब लावा आणि मोकळे व्हा!"

तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या शेडमधला लेथवाला डोकावून गेला. नवनाथनं विषय सोडला. काम तिचं होतं, आणि ते तिचं आहे हे त्याला मान्य होतं.

तीन आठवडे दोघं त्या दिव्यामागं होती. पट्ट्यांचा बाक एकसारखा यावा म्हणून नवनाथनं जमिनीवर खडूनं कमान आखून लाकडी साचा केला. एक पट्टी दोन सूत जास्त वाकली तर ती बाजूला ठेवायचा, पुन्हा नवी घ्यायचा. विजयश्रीनं वायरी पोकळ नळीतून अशा नेल्या की खालून बघणाऱ्याला एक धागाही दिसू नये. बसवायच्या दिवशी परांची बांधली, चेन-पुली लावली आणि सहा माणसं इंचाइंचानं ओढत असताना ती खाली उभी राहून ओरडत होती, "उजवीकडं सोडा! बास, बास! आता डावीकडं!"

दिवा लागला. हॉलभर पांढऱ्या फरशीवर वीतभर रुंदीचे काळे-सोनेरी पट्टे पसरले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पंख्याच्या वाऱ्यानं दिवा केसभर हलत होता, आणि त्याबरोबर पट्टे हळूच थरथरत होते. पद्मजाताईंनी हात तोंडावर ठेवला. हरिहर सरांनी चार बाजूंनी फोटो काढले. त्यांनी नवनाथशी हात मिळवला आणि मग विजयश्रीसमोर येऊन म्हणाले, "अभिनंदन. तुमचा आहे हा."

हॉल तेव्हा रिकामा होता. माणसं राहायला यायची होती आठवड्यानं.

राहायला आल्याला बारा दिवस झाले असतील. शेडमध्ये दुपारी डबे उघडले होते, तेवढ्यात नवनाथचा फोन वाजला. हरिहर सर. त्यानं स्पीकरवर टाकला.

"नवनाथ, पुनावळ्याला एक आजी पडल्या. मनगट मोडलंय. पद्मजाताई म्हणतात, कारण दिवा आहे."

"पडला का काही? दोर तुटला?" नवनाथ उभाच राहिला.

"दिवा जागेवर आहे. सावलीमुळं पडल्या. तुम्ही दोघं या. मीही निघतोय."

विजयश्रीनं डबा झाकला. दोघं निघाली. डांगे चौकातल्या गर्दीत मोटरसायकल अडकली तेव्हा मागून एवढंच म्हणाली, "सावलीमुळं कुणी कसं पडेल?"

ते 'निवांत'मध्ये शिरले तेव्हा जेवणाची वेळ होती आणि टेबलं रिकामी होती. हॉलमध्ये एकच माणूस. उंच, काटक, पांढरा शर्ट खोचलेला म्हातारा पट्ट्यांच्या कडेला उभा होता आणि खाली बघत होता.

"अर्जुनराव," पद्मजाताई हलकेच म्हणाल्या, "चला, जेवून घ्या."

"कसा येऊ?" तो म्हणाला. "हे चर उघडे ठेवलेत सगळे. जाळ्या कुठं आहेत? माणूस आत गेला तर जबाबदार कोण? सेफ्टीवाल्याला बोलवा आधी."

त्यानं बुटाचं टोक पुढं केलं, काळ्या पट्ट्याच्या अलीकडं थांबवलं आणि मागं घेतलं.

पद्मजाताईंनी विजयश्रीला बाजूला घेतलं. "हे आकुर्डीच्या कारखान्यात टूलरूमला होते, साचे-हत्यारं बनवायचे. चाळीस वर्षं. ह्या आजारात डोळा बघतो ते मेंदूला नीट कळत नाही. फरशीवर काळं दिसलं की त्यांना खड्डा वाटतो. कुणाला पायरी, कुणाला चर, कुणाला पाणी. सगळे अलीकडंच थांबतात. आठ दिवस ताटं खोल्यांत नेतोय आम्ही."

"तुम्हाला माहीत होतं हे?" विजयश्रीनं विचारलं.

"होतं. काळी सतरंजीसुद्धा मी कुठं घालू दिली नाही." त्यांनी वर दिव्याकडं पाहिलं. "आणि हा दिवा बघितला तेव्हा मला आठवलंच नाही. इतका आवडला."

रुक्मिणीबाई नावाच्या आजी मात्र थांबल्या नव्हत्या. इतके दिवस त्यांनी कडेला उभं राहून वाट पाहिली, आज सकाळी लुगडं वर उचललं आणि एका पट्ट्यावरून उडी मारली. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

हे सांगून होतंय तोच दारातून एक आडदांड माणूस आत आला. रुक्मिणीबाईंचा मुलगा, रणजीत. दवाखान्यातून आईचे कपडे न्यायला आला होता. एवढ्यात येऊन पोचलेल्या हरिहर सरांना, नवनाथला बघून ही दिव्याची माणसं असणार हे त्यानं ओळखलं.

"ह्यो दिवा कुणी केला?"

हरिहर सर पुढं झाले. "हे पाहा, मंजुरी माझी होती..."

"मी केला," विजयश्री म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग नवनाथकडं, मग परत तिच्याकडं. "तुमी?"

"हो. ड्रॉइंग माझं. दिवे असे लावायचे हेही माझंच."

"ताई, आमी आईला हितं चालवायला आणली. पाडायला न्हाई." आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर तिला बरं वाटलं असतं. "घरात ती एकटी भायेर निघून जायाची. दोनदा हायवेवर घावली. म्हणून काळीज घट करून हितं ठेवली."

वरून आईचे कपडे आले. तो कपड्यांची पिशवी घेऊन निघाला आणि दारात थांबला. बोलायचं नव्हतं, पण बोलला.

"लुगडं का उचललं तिनं, ठावं हाय का? आमचं रान वढ्यापल्याड हुतं. रोज सकाळी डोक्यावर भाकरी, काखंत मी, आन् वढा उतरून जायाची. पावसाळ्यात कमरंएवढं पाणी. आता त्या रानात बावीस मजली बिल्डिंग हाय आन् वढा पायपात गेला. पन तिला हितं दिसला म्हना की."

तो गेल्यावर हरिहर सर म्हणाले, "सोमवारी सगळ्यांच्या घरच्यांची बैठक आहे. दिवा उतरवून छताला साधे पॅनल लावू. मी दोन दिवसांत करून देतो. तुमच्यावर काही येणार नाही, वहिनी, मी बघतो."

आज गुरुवार होता.

"मला रविवारपर्यंत द्या," विजयश्री म्हणाली.

"कशासाठी? जिद्द म्हणून असेल तर नको."

तिनं खरंच विचार केला. जिद्द होती, नाही असं नाही. "थोडी आहे जिद्द," ती म्हणाली. "पण उतरवला तर मला कळणारच नाही काय चुकलं ते. दोन दिवस इथं बसू द्या. नाही जमलं तर आम्हीच खाली उतरवतो."

शुक्रवारी सकाळपासून ती हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मांडीवर वही. कोण येतं, कुठं थांबतं, पायाकडं बघतं की समोर. दिवा बंद केला की हॉल अंधुक व्हायचा, पण माणसं भिंत धरून का होईना, पलीकडं जायची. लावला की थांबायची. एक बाई पट्ट्या-पट्ट्यांतल्या उजेडावर पाय ठेवत, ओठ घट्ट मिटून निम्म्यापर्यंत गेली आणि मध्येच रडायला लागली. पुढंही जाता येईना, मागंही. विजयश्री धावत गेली आणि तिला धरून अलीकडं आणलं. बाईचा तळहात घामानं भिजला होता. त्या घामाची ओल नंतर बराच वेळ विजयश्रीला आपल्या हातावर जाणवत राहिली. ड्रॉइंग काढताना तिनं छत मोजलं होतं, भिंती मोजल्या होत्या, दोर मोजले होते. या फरशीवरून कुणाची पावलं जाणार, हे एकदाही विचारलं नव्हतं. घर कुणाचं आहे ते माहीत असून.

दुपारी नवनाथ डबा घेऊन आला. दोघं पायरीवर जेवायला बसली. तिलाच राहवेना.

"बोला की एकदाचं. दुधी ॲक्रिलिक टाक म्हणला होता तुम्ही."

नवनाथनं भाकरीचा तुकडा मोडला. "मी आपलं डोळ्याला बोचतंय म्हणून म्हणलो. म्हातारी माणसं पडतील हे मला तरी कुठं ठाऊक होतं?" मग जरा थांबून, "परांची कधी बांधायची तेवढं सांग."

तिला एकदम रडू आलं. तिनं ते ठेच्यावर ढकललं.

सुरुवातीला वाटलं, दिव्यांखाली दुधी पट्टी लावली की झालं. शेडमधून एक अरुंद तुकडा आणून परांचीवर चढून चार दिव्यांखाली धरला. सावल्यांच्या कडा मऊ झाल्या, पण पट्टे राहिले. नवनाथनं खालून हाक दिली, "अजून दिसतंय!" मग तिनं पद्मजाताईंकडून एक पांढरी चादर मागितली. पट्ट्यांच्या वर, दिव्यांच्या खाली, पुऱ्या पाच फूट रुंदीत ताणून बांधली. तिच्या लक्षात आलं होतं की उजेड एका रेषेतून येतो म्हणून सावली रेषेची पडते. उजेड अख्ख्या कमानीएवढा रुंद झाला तर पट्टीला सावली पाडायला जागाच उरणार नाही. नवनाथनं बटण दाबलं. ती वरून खाली बघत होती. फरशी पांढरी झाली. नुसती पांढरी, सगळीकडं सारखी, धुतलेल्या चादरीसारखी.

पानमळा गेला.

ती मिनिटभर वरच बसून राहिली. "उतर की," नवनाथ म्हणाला. "जमलं."

"उतरते," ती म्हणाली. "थांबा जरा."

शनिवारी शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटी कापल्या, त्यात दुधी ॲक्रिलिकचे आठ तक्ते बसवायचे होते. रविवारी सकाळी सगळं टेम्पोतून पुनावळ्याला आलं. चौकटी हॉलच्या कडेला ठेवल्या होत्या, तेवढ्यात अर्जुनराव येऊन उभे राहिले. त्यांनी एक चौकट दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरून तिचा सरळपणा पाहिला आणि अंगठा कडेवरून सावकाश फिरवला. एका कोपऱ्यावर अंगठा थांबला.

"बर आहे इथं," ते म्हणाले. "फाइल मारा."

नवनाथनं हात लावून पाहिलं. कापताना राहिलेली बारीक धार, म्हणजे बर, खरंच होती. "बरोबर आहे साहेब. मारतो."

"माझ्याकडं द्या. तुम्ही लोक उलटी मारता."

पद्मजाताई मध्ये पडायला निघाल्या, पण विजयश्रीनं पिशवीतून कानस काढून त्यांच्या हातात दिली. पहिल्या दिवशी याच माणसाला आपल्या खोलीचं दार सापडत नव्हतं, हे तिनं वहीत लिहिलं होतं. आता त्यांनी चौकट गुडघ्यावर टेकवली आणि कानस एकाच दिशेनं, एकाच दाबानं फिरवली. तीन वेळा. पुन्हा अंगठा. मग दुसरी चौकट मागितली. आठही चौकटींच्या कडा त्यांनी तासाभरात घासून दिल्या. चहा आला तेव्हा तो बाजूला ठेवायला सांगितला, कारण हात कामात होते.

तक्ते बसले. दिवा लागला. फरशी सपाट पांढरी. अर्जुनरावांनी बुटाचं टोक पुढं केलं, टेकवलं, मग पूर्ण पाऊल टाकलं.

"जाळ्या बसवल्या वाटतं शेवटी," ते म्हणाले आणि हॉल ओलांडून टेबलाशी जाऊन बसले. त्यांच्या मागून बाकीचे एकेक करून निघाले. काही जण निम्म्यात थांबले, खाली बघितलं, पुढं गेले. परवा रडलेली बाई सर्वांत शेवटी आली. मध्ये कुठंही न थांबता ती जाऊन बसली आणि ताटावर वाटी आपटून वरण मागायला लागली.

हरिहर सर संध्याकाळी येऊन बघून गेले. बराच वेळ वर पाहत होते. "चालतंय," ते म्हणाले. "छान चालतंय." मग तिच्याशी खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "पहिल्यासारखा फोटो मात्र येणार नाही आता."

"नाही येणार," विजयश्री म्हणाली.

सोमवारी बैठक झाली. पद्मजाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक त्यांचीही होती. लोकांनी प्रश्न विचारले, हॉल पाहिला, वर दिवा पाहिला. कुणी तो काढा म्हणालं नाही. विजयश्री मागं उभी होती. तिला वाटलं, संपलं.

पण त्याच दुपारी रणजीत आईला घेऊन आला. रुक्मिणीबाई अगदी लहानखुऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. खोलीत सामान ठेवून त्यांना जेवायला लिफ्टमधून खाली आणलं, हॉलच्या कडेपर्यंत त्या नीट चालल्या आणि तिथं थांबल्या. अगदी पहिला पट्टा जिथं पडायचा, त्याच जागी. डाव्या हातानं लुगडं चिमटीत धरलं.

"आजी, काही नाही हो तिथं," मदतनीस मुलगी म्हणाली. "कोरडी फरशी आहे. बघा, मी चालून दाखवते." ती चालून गेली आणि परत आली. रुक्मिणीबाईंनी तिच्याकडं काळजीनं पाहिलं, पण जागच्या हलल्या नाहीत.

"आये, चल की," रणजीत म्हणाला. "दिवा बदलला त्यांनी."

"लई पाणी हाय," त्या म्हणाल्या.

विजयश्रीनं वर पाहिलं. तक्ते जागेवर होते. फरशीवर सावलीचा मागमूस नव्हता. जे करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं होतं, आणि या बाईच्या पायाखालचं पाणी तसंच वाहत होतं. एकदा पडलेलं माणूस ती जागा विसरत नाही. बाकी सगळं विसरलं तरी.

ती पुढं गेली. खाली वाकून तिनं सलवार घोट्यांच्या वर दुमडली, एक पाय, मग दुसरा. चपला काढून हातात घेतल्या. मग रुक्मिणीबाईंच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"मलाही पलीकडं जायचंय," ती म्हणाली. "पण उतार कुठनं आहे ते मला ठाऊक नाही. मी इथली नाही."

रुक्मिणीबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुठली तू?"

"परंड्याकडची."

"तिकडं पाण्याचं हालच." त्यांनी मान हलवली. मग हॉलवर नजर टाकली आणि भिंतीलगतच्या मधल्या खांबाकडं हनुवटी केली. "त्या दगडापासनं उतार हाय. माझ्या मागं ऱ्हा. न्हाई, हात धर. बारकी हायेस, वाहून जाशील."

विजयश्रीनं लुगडं धरलेल्या त्यांच्या हातात कोपरापाशी आपला हात अडकवला. दोघी खांबाच्या दिशेनं तिरक्या निघाल्या. रुक्मिणीबाई पाऊल उचलायच्या ते सरळ पुढं टाकायच्या नाहीत, आधी जरा चाचपायच्या, मग भार द्यायच्या. विजयश्री तसंच करत राहिली. हॉलच्या मध्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी तिचा हात अंगाशी एकदम घट्ट दाबला.

"हितं पाण्याला वढ हाय," त्या म्हणाल्या. "घाई करू नगं."

"नाही करत."

त्या उभ्या राहिल्या. टेबलाशी बसलेली माणसं जेवत होती. कुणीतरी पाण्याचा जग सरकवला. रणजीत लिफ्टपाशी हाताची घडी घालून उभा होता, आणि नवनाथ त्याच्या शेजारी. रुक्मिणीबाईंनी दीर्घ श्वास घेतला, आणखी चार पावलं टाकली, आणखी तीन, आणि टेबलाच्या कडेला अंग लागताच लुगडं सोडून दिलं.

"आलो," त्या म्हणाल्या.

विजयश्रीनं त्यांना खुर्चीवर बसवलं. ताट आलं. पिठलं, भाकरी, कांदा. डाव्या हातानं जेवायची सवय नव्हती, म्हणून तिनं भाकरी कुस्करून दिली. रुक्मिणीबाईंनी दोन घास खाल्ले, पिठलं अळणी आहे म्हणून सांगितलं आणि मग तिच्याकडं वळल्या.

"तू जा आता माघारी. वर आभाळ भरलं तर वढ्याचा नेम न्हाई. आलीस तशीच जा, त्या दगडावरनं."

"तुम्ही?"

"मला न्ह्यायला माझा ल्योक येतो."

रणजीतनं हे ऐकलं. त्यानं मान खाली घातली. विजयश्री उठली. रुक्मिणीबाई घास हातात धरून तिच्याकडं बघत होत्या, म्हणून तिनं सलवार पुन्हा उचलून धरली आणि खांबाच्या वाटेनं, पाऊल चाचपत, हॉल ओलांडला. नवनाथनं पलीकडून हात पुढं केला होता. तिनं तो धरला.

 परतीच्या वाटेवर ताथवड्याजवळ नवनाथ म्हणाला, "पुढच्या दिव्याच्या वेळी आधी जागेवर जाऊन बसू. दोन दिवस."

"चार," ती म्हणाली.

महिन्याभरानं दोघं दोर तपासायला 'निवांत'मध्ये गेली, तेव्हा विजयश्रीनं आधी रुक्मिणीबाईंची चौकशी केली. प्लास्टर निघालं होतं. काही दिवस त्या सरळ चालत यायच्या, जणू तिथं कधी काही नव्हतंच. काही दिवस कडेला थांबायच्या आणि जो दिसेल त्याला हाक मारायच्या. मग तो जिन्यावरचा झाडूवाला असो, की एखाद्याचा भेटायला आलेला जावई. ज्याला हाक येई त्यानं पँट दुमडायची, चपला हातात घ्यायच्या आणि त्यांच्या मागून चालायचं, असं तिथं आता सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं.

"अर्जुनराव मात्र तयार होत नाहीत," पद्मजाताई म्हणाल्या. "म्हणतात, जाळ्या आहेत, मी पँट कशाला उचलू? पण हात देतात."